पावणेतीन फुटांची तूट: विश्वाच्या मोजणीचं एक प्रकरण

आमच्याकडं बांधावरून वाद झाला की मोजणी मागवतात. आता मशीन येतं, पण जुनी माणसं अजून साखळीचीच भाषा बोलतात. साखळी ३३ फुटांची, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. दोन मोजण्यांचे आकडे जुळले नाहीत की पारावर एकच प्रश्न निघतो: चूक माणसाची की साखळीची? माणसाची चूक पुन्हा मोजून सापडते. साखळीच ताणून लांब झाली असेल तर शंभरदा मोजलं तरी तोच चुकीचा आकडा येतो, आणि दरवेळी तोच येतो म्हणून तो खराही वाटायला लागतो.

मी हिंगोली जिल्ह्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वलहरींची, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींमुळं अवकाशात उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा उभी राहणार आहे, त्यामुळं वर्गात दरवर्षी तिचा विषय निघतो. बहुतेक प्रश्न नोकऱ्यांचे, जमिनीचे, रस्त्याचे असतात. गेल्या वर्षी एका मुलीनं वेगळंच विचारलं. "सर, मशीन तर बसंल. पण त्यानं कुणाचं काय खोटं ठरणार?"

इतका नेमका प्रश्न मला या विषयावर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. खगोलशास्त्रात विश्वाची रचना आपल्याला समजली आहे की नाही हे तपासायचं ते असंच, काय खोटं ठरू शकतं ते आधी ठरवून. उत्तरासाठी आम्ही एकच घटना घेतली आणि सहा रविवार तिच्या मागं लागलो. त्याचीच ही नोंद.

वाद काय आहे

दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, जितकी दूर, तितक्या जास्त वेगानं ती आपल्यापासून लांब जाते, हे हबलनं १९२९ मध्ये आकडे मांडून दाखवलं. किती अंतराला किती वेग, या प्रमाणाला हबल स्थिरांक म्हणतात. तो ७० असेल तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं, म्हणजे दर मेगापार्सेकमागं, वेग सेकंदाला ७० किलोमीटरनं वाढतो.

हा आकडा काढायच्या दोन मोठ्या वाटा आहेत. पहिली जवळून दूर जाते. आधी जवळच्या ताऱ्यांची अंतरं त्रिकोणमितीनं काढायची. त्यांवरून सेफीड नावाच्या, ठरावीक तालात तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची खरी प्रखरता ठरवायची. सेफीडवरून एका विशिष्ट जातीच्या सुपरनोव्हांची, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची, आणि सुपरनोव्हांवरून फार दूरच्या दीर्घिकांची अंतरं. साखळीला साखळी जोडत जायचं. या वाटेनं २०२२ मध्ये आलेला आकडा ७३.०४, अधिक-उणे १.०४.

दुसरी वाट उलट दिशेनं येते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व पारदर्शक झालं. तेव्हाचा प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या आकाशातून येतो, आणि प्लँक उपग्रहानं त्यातले बारीक चढउतार मोजले. पण त्या प्रकाशावर हबल स्थिरांक लिहिलेला नसतो. आज विश्वात साधारण ५ टक्के साधं द्रव्य, २७ टक्के कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं) आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी) आहे असं जे चित्र आपण मानतो, ते घेऊन १३८० कोटी वर्षांचा हिशेब पुढं चालवायचा आणि आजचा वेग काय निघतो ते पाहायचं. निघतो ६७.४, अधिक-उणे ०.५.

म्हणजे दुसरा आकडा मोजण्यापेक्षा आपल्या समजुतीतून जास्त आलेला आहे. तो पहिल्याशी जुळला असता तर समजूत एका कठीण परीक्षेत उतरली असती. तो जुळत नाही. फरक ८ टक्क्यांच्या आसपास, ३३ फुटांच्या साखळीत पावणेतीन फुटांची तूट. दोन्ही बाजू आपली चूक दीड टक्क्याच्या आतबाहेर सांगतात, मग ही तूट राहते कुठं?

सेफीड दाटीतल्या इतर ताऱ्यांत मिसळून जास्त तेजस्वी दिसत असतील, ही शंका जेम्स वेब दुर्बिणीनं तपासली. तूट मिटली नाही. तरी साखळीची शंका राहतेच. आणि साखळीची शंका पहिल्या दोघांपैकी कुणाचीच साखळी न वापरणारा तिसरा मोजणीदार आल्याशिवाय मिटत नाही.

त्या मोजणीदाराची कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्येच मांडली होती. दोन जड तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि धडकतात, तेव्हा त्यांच्या गुरुत्वलहरींतूनच त्यांचं अंतर वाचता येईल. तेव्हा अशी एकही लहर कुणी पकडलेली नव्हती. ती पकडायची तर गोंगाटात बुडालेला क्षीण स्वर आधी तयार केलेल्या साच्यांशी ताडून शोधावा लागतो. साचे कसे निवडावेत यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये पायाभूत काम केलं. हे मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण दुधाळ्याची गोष्ट परदेशी यंत्र आणण्यापासून सुरू होते असं लेकरांना वाटतं.

गुरुवार, संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं

१७ ऑगस्ट २०१७. पोळा चार दिवसांवर आला होता. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगोच्या दोन वेधशाळांतून आणि इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेतून एक लहर पार झाली. ती दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या, धडकेतून निघालेली होती. जवळजवळ १०० सेकंद ती ऐकू येत होती. सुरुवातीला २४ हर्ट्झची घरघर, मग चढत चढत जाणारा स्वर, मग शांतता. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा छोटा झोत दिसला.

संगणकानं आधी फक्त हॅनफर्डची नोंद घेतली. लिव्हिंगस्टनमध्ये धडकेच्या सेकंदभर आधी यंत्राचा स्वतःचाच एक जोरदार खटका आला होता, त्यामुळं तिथली नोंद आपोआप बाजूला पडली. माणसांनी आलेख उघडून पाहिला तेव्हा खटक्याच्या मागंपुढं तीच चढती रेघ स्पष्ट होती. व्हर्गोत तर लहर फारच क्षीण होती. लहर तिच्या बहिऱ्या पट्ट्यातून आली होती, आणि याच गोष्टीनं जागा सापडायला सर्वांत जास्त मदत केली. प्रत्येक वेधशाळेला आकाशातले काही भाग ऐकू येत नाहीत. व्हर्गोला कमी ऐकू आलं म्हणजे स्रोत त्या मोजक्या भागांपैकी एकात असणार.

ही जागा आम्ही दोन रविवार नकाशावर शोधत होतो. तिन्ही वेधशाळांची नोंद जोडून केलेला नकाशा आपल्याकडच्या रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी बाहेर आला. त्यात सुमारे ३१ चौरस अंशांचा पट्टा होता, पौर्णिमेचे दीडशे चंद्र मावतील एवढा. हिंगोलीच्या आकाशातून तो भाग तोवर मावळून गेला होता. चिलीत मात्र अजून सूर्यास्त व्हायचा होता. लहरीवरून अंतर साधारण ४० मेगापार्सेक निघत होतं, म्हणून तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी त्या पट्ट्यातल्या, त्याच अंतरावरच्या दीर्घिकांची यादी केली आणि अंधार पडताच एकेक तपासायला घेतली. स्वोप या एक मीटरच्या दुर्बिणीला धडकेनंतर ११ तासांच्या आत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत आधी नसलेला एक ठिपका दिसला. आपल्याकडं तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते.

तो ठिपका निळा होता, काही दिवसांत लाल होत विझत गेला. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात याचा तो पुरावा. सोन्यावर वर्गात बराच वेळ जातो, इथं मी तो घालवत नाही. या प्रकरणात महत्त्वाचं ते घराचा पत्ता मिळणं. आणखी आठ दिवसांनी, २५ ऑगस्टला, लायगोचा त्या फेरीतला शोध संपणार होता. व्हर्गो तर १ ऑगस्टलाच सामील झाली होती.

आकडा कसा निघतो

स्वर किती झपाट्यानं चढतो यावरून ताऱ्यांच्या जोडीच्या वस्तुमानाचं एक विशिष्ट मिश्रण अचूक कळतं. ते कळलं की लहर मुळात किती जोराची असायला हवी हे आइनस्टाइनच्या सापेक्षतेचं समीकरण सांगतं. आपल्याला ती किती जोराची मिळाली हे यंत्र सांगतं. दोन्हींची तुलना म्हणजे अंतर. मध्ये सेफीड नाही, सुपरनोव्हा नाही, कुणाची जुनी साखळी नाही.

एनजीसी ४९९३ ज्या दीर्घिकांच्या समूहात आहे त्याचा वेग सेकंदाला ३३२७ किलोमीटर. त्यात आजूबाजूच्या वस्तुमानाच्या ओढीमुळं आलेला, प्रसरणाशी संबंध नसलेला वेग सुमारे ३१०. दिंडी पंढरपूरकडं चाललेली असते, पण तिच्यातला एकजण पाण्यासाठी चार पावलं बाजूला जातो, तशी ही बाजूची चाल. ती वजा केली की ३०१७ उरतात. अंतर ४३.८ मेगापार्सेक. लेकरांनी भागाकार केला, ६८.९ आलं. छापील आकडा ७० आहे म्हणून त्यांना आपलंच चुकल्यासारखं वाटलं. त्यांचं चुकलेलं नव्हतं. अंतराची अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी नाही: वरच्या बाजूला २.९, खालच्या बाजूला ६.९. अंतर कमी असण्याला जास्त वाव आहे, म्हणून अंतिम आकडा थोडा वर सरकतो.

छापील निकाल: ७०, वरच्या बाजूला १२ आणि खालच्या बाजूला ८ ची सूट. म्हणजे ६२ ते ८२ यांच्या दरम्यान कुठंही. ६७.४ त्यात बसतं, ७३ पण बसतं.

वर्गात निराशा झाली. एक मुलगा म्हणाला, "एवढं करून कोणीच खोटं नाही निघालं." इथं मी सर्वांत जास्त वेळ थांबतो. ही मोकळी जागा लपवून नुसतं ७० सांगितलं असतं तर तो तिसरा मोजणीदार काय कामाचा? आपल्या मोजणीत किती ढिलेपणा आहे हे सांगणं हा मोजणीचाच भाग आहे, आणि तो ढिलेपणा कुठून आला हे शोधणं ही पुढची मोजणी.

कर्णा

ढिलेपणाचं मोठं कारण समजायला आम्हाला सप्ताहाचा उपयोग झाला. देवळावरचा कर्णा तुमच्याकडं तोंड करून असेल तर दोन शेतं पलीकडंही कीर्तनाचा शब्द न् शब्द कळतो. बाजूला तोंड असेल तर जवळ असूनही आवाज दबलेला येतो. नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही की कर्णा जवळ आहे पण तिरका आहे, की दूर आहे पण समोर आहे. ताऱ्यांच्या जोडीचंही तसंच. तिच्या फेऱ्यांचं ताट आपल्यासमोर असेल तर लहर जोरात येते, कडेनं दिसत असेल तर हळू.

तिरकेपणा वेगळ्या मार्गानं कळला तर अंतर घट्ट होतं. धडकेतून निघालेल्या द्रव्याच्या झोतावर पुढं कित्येक महिने रेडिओ दुर्बिणींची नजर होती. त्यांत नारायणगावजवळ खोडदची आपली जीएमआरटीही होती. खंडोखंडी पसरलेल्या दुर्बिणी जोडून २०१८ मध्ये त्या झोताची आकाशातली सरक मोजली गेली, तो आपल्याकडून साधारण २० अंश तिरका आहे हे कळलं आणि २०१९ मध्ये सुधारित आकडा आला: ७०.३, अधिक-उणे सुमारे ५.

हा दुसरा आकडा मी वहीत वेगळ्या शाईनं लिहायला लावतो. तो अरुंद आहे, पण झोत आतून कसा असतो याच्या गृहीतकावर तो उभा आहे. नव्या साखळीला जुन्या जातीची एक कडी जोडली गेली. काही जणांना हे फार कडक वाटेल. मला पहिला रुंद आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

जे त्याच दिवशी निकालात निघालं

त्या मुलाचं "कोणीच खोटं नाही निघालं" हे खरं नव्हतं. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ पासून माहीत आहे. त्याला कृष्णऊर्जा न मानता, गुरुत्वाचाच नियम बदलून उत्तर देणारे बरेच सिद्धांत मांडले गेले होते. त्यांतल्या अनेकांत गुरुत्वलहरीचा वेग प्रकाशापेक्षा थोडा वेगळा निघत होता.

हा हिशेब मुलीनं फळ्यावर केला. दीर्घिका सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. एका वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद. गुणाकार केला की ४ वर १५ शून्यं एवढे सेकंद होतात. इतका वेळ लहर आणि प्रकाश शेजारी शेजारी धावले, आणि पोचण्यात फरक १.७ सेकंदांचा. तो फरकही कदाचित निघतानाचाच असेल, कारण झोत बाहेर फुटायला वेळ लागतो. दोन्ही वेगांतला फरक हजार लाख कोटी भागांत काही भागांहून जास्त असू शकत नाही.

एका संध्याकाळी सिद्धांतांची एक मोठी रांग बाद झाली. फळ्यावरचा भागाकार पाहून वर्गात कुणी काही बोललं नाही. नंतर तो मुलगा म्हणाला, "मग हे आधी सांगायचं होतं, सर."

२५ एप्रिल २०१९

एका घटनेत १४-१५ टक्क्यांची सूट असेल तर ती २ टक्क्यांवर आणायला काय लागेल? घटना वाढल्या की चूक वर्गमुळाच्या हिशेबानं घटते. ५० चं वर्गमूळ सुमारे ७, आणि १४ भागिले ७ म्हणजे २. तशा ५० घटना मिळाल्या तर तिसरा मोजणीदार ६७ आणि ७३ मध्ये निवाडा करण्याच्या पल्ल्यात येतो.

न्यूट्रॉन ताऱ्यांची दुसरी धडक २५ एप्रिल २०१९ ला नोंदली गेली, दुपारी पावणेदोनच्या सुमारास. त्या वेळी हॅनफर्ड बंद होती. व्हर्गोला लहर नीट ऐकू आली नाही. ऐकलं ते एकट्या लिव्हिंगस्टननं. नकाशा निघाला ८२८४ चौरस अंशांचा, सगळ्या आकाशाचा पाचवा हिस्सा. अंतर पहिल्या धडकेच्या जवळजवळ चौपट. जगभरच्या दुर्बिणींनी शोध घेतला, पण कुठल्या दीर्घिकेत ती धडक झाली हे कळलं नाही. दीर्घिका नाही म्हणून वेग नाही, वेग नाही म्हणून भागाकार नाही. लेकरांनी आकाशाच्या नकाशावर तो हिस्सा पेन्सिलनं रंगवला. पेन्सिल झिजली तरी रंगवणं संपेना.

लायगोसारख्या वेधशाळेचे दोन लांब बाहू काटकोनात पसरलेले असतात, आणि लहर गेली की त्यांच्या लांबीत पडणारा फरक ती मोजते. तिला कितीही संवेदनशील केलं तरी एकटीनं नेमकी दिशा सांगता येत नाही. दिशा निघते ती लहर कुठं आधी आणि कुठं नंतर पोचली यावरून. वेधशाळा जितक्या लांब लांब, तितका हा फरक मोठा आणि दिशा नेमकी. पृथ्वीच्या आरपार जायला प्रकाशाला जास्तीत जास्त ४२ मिलिसेकंद लागतात. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन मधलं अंतर ३००० किलोमीटर, म्हणजे फक्त १० मिलिसेकंद. युरोप, अमेरिका आणि जपान इथल्या वेधशाळांपासून दूर, मधल्या मोठ्या रिकाम्या जागेत एक ठाणं हवं होतं. दुधाळ्याच्या ४ किलोमीटरच्या दोन बाहूंचं मोल त्यात आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली.

भूकंपाचं काय, हे गावात पहिलं विचारतात आणि ते बरोबरच आहे. किल्लारी कुणी विसरलेलं नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षं ऐकू येतात, आणि २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोलीला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मोठा धक्का बसला तर वेधशाळेचं काम तेवढा वेळ थांबतं, ते हॅनफर्डलाही थांबतं. रोजच्या कामाला जास्त जाचते ती न थांबणारी थरथर, वाहनांची, यंत्रांची, समुद्राच्या लाटांची. ती कमी असलेली जागा शोधून, जमिनीवर मोजून औंढा निवडलं गेलं. ४० किलोचे आरसे एकाखाली एक चार लंबकांवर टांगायचे ते उरलेली थरथर झिरपू नये म्हणून. प्रोटॉनच्या व्यासापेक्षा हजारो पटींनी लहान हालचाल मोजायची आहे.

दिशेचा भाग लेकरांच्या हाताला कळावा म्हणून शेवटचा रविवार आम्ही सोयाबीन काढलेल्या रानात घालवला. सगळे मोबाइल आधी एका जागी ठेवून थाळी वाजवली, म्हणजे सगळ्या रेकॉर्डिंगचा आरंभ जुळला. मग एकेक मोबाइल रानाच्या एकेका कोपऱ्यात नेला. एका मुलानं कुणाला न सांगता कुठंतरी सुतळी बॉम्ब लावला. दोन मोबाइलच्या नोंदीवरून नकाशावर एक वाकडी रेघ आली, ती थेट ओढ्यापर्यंत गेली. तिसऱ्या मोबाइलमध्ये त्याच सेकंदाला ट्रॅक्टरचा हॉर्न मिसळला होता. मुलीनं तो भाग कापून मागचंपुढचं जुळवलं, तेव्हा रेघेचा तुकडा झाला, साधारण गोठ्याच्या लांबीएवढा.

चौथा मोबाइल ओढ्यापलीकडं, सगळ्यांपासून लांब ठेवलेला होता. त्याची नोंद घातली आणि नकाशावरचं वर्तुळ विहिरीच्या कठड्याएवढं झालं. चालत जाऊन पाहिलं तर जळालेली जागा वर्तुळाच्या सात पावलं बाहेर होती. लेकरं तिथंच ढेकळांवर बसली आणि चारांतला कोणता मोबाइल पुढं धावला होता ते शोधायला लागली.